श्रीहरिकोट्याहून होणारे पुढचे उड्डाण कसे हेरावे, कसे पाहावे आणि त्याचा निकाल कसा वाचावा

आगामी उड्डाणांच्या याद्या आता कुठेही सहज मिळतात. त्या यादीतील प्रत्येक ओळ मात्र सारख्या खात्रीची नसते, आणि कोणती ओळ किती पक्की आहे हे यादीत लिहिलेले नसते. रजा टाकून, तिकिटे काढून श्रीहरिकोट्याला जाणाऱ्याला किंवा शाळेतील मुलांना एकत्र बसवून थेट प्रक्षेपण दाखवू पाहणाऱ्या शिक्षकाला नेमके हेच कळणे आवश्यक असते. अवकाश संशोधनासाठी आणि नव्या तंत्रज्ञानाच्या चाचणीसाठी होणारी भारतीय उड्डाणे तारखेच्या पहिल्या कुणकुणीपासून निकालापर्यंत कशी न्याहाळावीत, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

तारीख किती पक्की आहे

प्रक्षेपणाची तारीख एकदम जाहीर होत नाही. ती टप्प्याटप्प्याने घट्ट होत जाते. प्रथम एखाद्या भाषणात किंवा संसदेतील लेखी उत्तरात ‘या वर्षअखेरीस’ किंवा ‘पुढील तिमाहीत’ असा उल्लेख येतो. या पातळीवरच्या तारखेवर कोणतेही तिकीट काढू नये. गगनयानाच्या पहिल्या मानवरहित मोहिमेचा, म्हणजे जी-1 चा, असा उल्लेख गेली काही वर्षे होत आला आहे. ‘व्योममित्र’ हा मानवसदृश यंत्रमानव घेऊन मानवी उड्डाणासाठी सिद्ध केलेला एलव्हीएम-3 हा इस्रोचा सर्वांत मोठा प्रक्षेपक (रॉकेट) ती मोहीम नेणार, हे निश्चित असले तरी वेळापत्रक वारंवार पुढे सरकत राहिले. त्यात नवल काहीच नाही. माणसे नेणाऱ्या यानाची प्रत्येक प्रणाली आधी जमिनीवर सिद्ध करावी लागते, आणि एका चाचणीचा निकाल पुढच्या चाचणीची तारीख ठरवतो.

दुसरा टप्पा असतो तो उपग्रह श्रीहरिकोट्याला पोहोचल्याच्या बातमीचा. उपग्रह बहुधा बेंगळुरूहून रस्त्याने येतो, आणि तो आला म्हणजे उड्डाण साधारण काही आठवड्यांवर आले असे समजण्यास हरकत नाही. तिसरा टप्पा अधिक उपयोगाचा आहे: वैमानिकांसाठी काढली जाणारी सूचना, म्हणजेच नोटॅम. उड्डाणाच्या मार्गाखालील समुद्राचा आणि आकाशाचा पट्टा ठरावीक काळासाठी रिकामा ठेवावा लागतो, कारण प्रक्षेपकाचे जळून संपलेले टप्पे, म्हणजे एकामागून एक सुटे होणारे भाग, तिथे पडतात. ही सूचना सार्वजनिक असते आणि इस्रोने अधिकृत घोषणा करण्यापूर्वीच ती अनेकदा निघते.

नोटॅम वाचताना दोन ठिकाणी घोळ होतो. पहिली गोष्ट म्हणजे त्यातील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे भारतीय वेळ काढण्यासाठी त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, सूचनेत 0330 ते 0730 असे लिहिले असेल तर आपल्याकडे ती वेळ सकाळी 9 ते दुपारी 1 अशी होते. 2230 असे असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची 4 ची वेळ होते, म्हणजे तारीखही बदलते. ही एक दिवसाची चूक फार सहज होते. दुसरी गोष्ट अशी की सूचनेचा कालावधी अनेक दिवसांचा असतो, आणि त्यातील पहिला दिवस हाच उड्डाणाचा दिवस असे गृहीत धरता येत नाही. राखीव दिवस त्यातच धरलेले असतात.

धोक्याच्या पट्ट्यांचे अक्षांश-रेखांश नकाशावर मांडून पाहिले की मोहिमेची जातही कळते. पट्टे श्रीहरिकोट्यापासून पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरातून अंदमानाच्या दिशेने गेले असतील, तर उपग्रह बहुधा भूस्थिर कक्षेकडे (जिथे तो पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो) किंवा त्याहूनही दूर निघालेला असतो. पट्टे आग्नेयेकडे जाऊन पुढे दक्षिणेकडे वळत असतील, तर ती ध्रुवांवरून जाणारी ध्रुवीय कक्षा होय. या वळणाचे कारण श्रीलंका आहे: सरळ दक्षिणेकडे उड्डाण केले तर जळालेले टप्पे त्या बेटावर पडण्याची भीती असते, म्हणून पीएसएलव्ही हा इस्रोचा नेहमीच्या वापरातला प्रक्षेपक आधी आग्नेयेकडे जातो आणि मग हवेतच दिशा बदलतो. हा वळसा घेण्यात इंधन खर्ची पडते. मोठ्या प्रक्षेपकाला ते परवडते. 500 किलो वजन 500 किलोमीटर उंचीवर नेण्यासाठी बांधलेल्या छोट्या एसएसएलव्ही या प्रक्षेपकाला तो भुर्दंड जड जातो. तमिळनाडूत थूथुकुडी जिल्ह्यातील कुलशेखरपट्टणम येथे दुसरे प्रक्षेपण केंद्र उभारण्याचे मुख्य कारण हेच आहे; तिथून दक्षिणेकडे मोकळा समुद्र मिळतो. या केंद्राची पायाभरणी 28 फेब्रुवारी 2024 रोजी झाली.

पट्टे जर ओडिशाच्या किनाऱ्यापासून सुरू होत असतील, तर ती बहुतेक डॉ. अब्दुल कलाम बेटावरील क्षेपणास्त्र चाचणी असते आणि तिचा अवकाश मोहिमेशी संबंध नसतो. नोटॅमचा नकाशा हाती आला की ‘इस्रोचे गुप्त उड्डाण’ अशा आवया समाजमाध्यमांवर उठतात. पट्ट्यांचा उगम कुठे आहे एवढे पाहिले तरी त्यांतील निम्म्या निकाली निघतात.

चौथा आणि प्रवासाच्या दृष्टीने विश्वास ठेवण्याजोगा टप्पा म्हणजे इस्रोची स्वतःची घोषणा, ज्यात दिवसाबरोबर तास आणि मिनिटेही दिलेली असतात. ही घोषणा साधारणपणे उड्डाणाच्या एक-दोन आठवडे आधी होते.

नावातून काय कळते

मोहिमेचे नाव नीट वाचले तर अर्धी माहिती तिथेच मिळते. पीएसएलव्हीच्या नियमित उड्डाणांना ‘सी’ हे अक्षर, जीएसएलव्ही या भूस्थिर कक्षेसाठीच्या प्रक्षेपकाला ‘एफ’ आणि एलव्हीएम-3 ला ‘एम’ लावले जाते. ‘डी’ हे अक्षर दिसले तर ते विकासाच्या टप्प्यातील उड्डाण आहे असे समजावे. अशा वेळी प्रक्षेपक स्वतःच परीक्षेला बसलेला असतो आणि आतील उपग्रहाचे महत्त्व दुय्यम असते. एसएसएलव्ही-डी1 चे 7 ऑगस्ट 2022 रोजीचे उड्डाण अपयशी ठरले, त्यानंतर डी2 आणि डी3 यशस्वी झाली, आणि मगच तो प्रक्षेपक विकसित झाला असे मानले गेले. आकडे मात्र नेहमी ओळीने येत नाहीत. मंगळयान नेणारा पीएसएलव्ही-सी25 नोव्हेंबर 2013 मध्ये उडाला आणि सी24 त्यानंतर, एप्रिल 2014 मध्ये. क्रमांक मोहिमेला आधीच दिलेला असतो. उडण्याचा क्रम तयारीवर ठरतो.

यानंतर स्वतःला एक प्रश्न विचारावा: या उड्डाणात नेमके काय तपासले जाणार आहे? माझ्या मते उड्डाण पाहण्याची खरी तयारी हीच आहे. याचे उत्तर ठाऊक नसेल तर आपण ज्वाळा पाहतो आणि टाळ्या वाजवतो. उत्तर ठाऊक असेल तर कुठल्या मिनिटाला श्वास रोखायचा हे कळते. उत्तर शोधण्यासाठी इस्रो प्रत्येक मोहिमेपूर्वी प्रसिद्ध करीत असलेली माहितीपुस्तिका वाचावी. ती इंग्रजीत असली तरी त्यातील उड्डाणक्रमाचा तक्ता कोणालाही समजण्याजोगा असतो: कोणत्या सेकंदाला कोणता टप्पा पेटतो, कधी सुटा होतो, त्या वेळी उंची आणि वेग किती असतो.

संशोधनासाठीची उड्डाणे वेगळी ओळखता येतात. 2 सप्टेंबर 2023 रोजी पीएसएलव्ही-सी57 ने नेलेले आदित्य-एल1 हे त्यांपैकी एक. त्यावरील सूर्याची अतिनील प्रतिमा टिपणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. 1 जानेवारी 2024 चे एक्सपोसॅट क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणाचा अभ्यास करण्यासाठी होते. तंत्रज्ञान चाचणीची उड्डाणे याहून निराळी असतात: 30 डिसेंबर 2024 रोजी पीएसएलव्ही-सी60 ने नेलेल्या स्पेडेक्सच्या दोन छोट्या उपग्रहांचे काम एकमेकांना अवकाशात जोडून दाखवणे एवढेच होते.

आणि तिसरा प्रकार बातम्यांत जवळजवळ झाकलाच जातो. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा मुख्य उपग्रह सोडल्यानंतर पूर्वी नुसता कचरा म्हणून फिरत राहायचा. 30 जून 2022 च्या पीएसएलव्ही-सी53 पासून त्याच टप्प्याला स्थिर ठेवून, वीज पुरवून प्रयोगांचे व्यासपीठ म्हणून वापरायला सुरुवात झाली. त्याला ‘पोएम’ म्हणतात. सी60 वरील पोएम-4 वर 24 उपकरणे होती. त्यांपैकी एकात चवळीचे बी रुजवण्यात आले, आणि ते उगवून त्याला पाने फुटलेली छायाचित्रांत दिसली. पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाचा आणि अ‍ॅमिटी विद्यापीठाच्या मुंबई केंद्राचाही प्रयोग त्याच टप्प्यावर होता. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने याला मागचा धागा आहे: पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 वरून गेला, आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी 26 सप्टेंबरला सी35 वरून. म्हणून पुस्तिका हाती आली की मुख्य उपग्रहाच्या पानावर न थांबता सहप्रवाशांची यादी शेवटपर्यंत वाचावी.

खासगी कंपन्यांची उड्डाणे याच पद्धतीने न्याहाळता येतात. त्यांना इन-स्पेस ही सरकारी संस्था परवानगी देते. स्कायरूटचा विक्रम-एस 18 नोव्हेंबर 2022 रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला, आणि अग्निकुलने 30 मे 2024 रोजी तेथेच उभारलेल्या स्वतःच्या तळावरून चाचणी उड्डाण केले. ही दोन्ही उड्डाणे कक्षेत जाण्यासाठी नव्हती. ‘अवकाशात उपग्रह सोडला’ आणि ‘चाचणी म्हणून वर जाऊन समुद्रात उतरले’ यांतील फरक मथळ्यांत हरवतो, तो आपण हरवू देऊ नये.

श्रीहरिकोट्याला जायचे असेल तर

सतीश धवन अंतराळ केंद्र आंध्र प्रदेशात, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधल्या बेटवजा पट्टीवर आहे. जवळचे गाव आणि रेल्वे स्थानक म्हणजे सुळ्ळुरुपेटा. तिथून केंद्र सुमारे 20 किलोमीटरवर येते. प्रेक्षक सज्जा, ज्याला तिथे ‘लॉन्च व्ह्यू गॅलरी’ म्हणतात, 2019 मध्ये खुला झाला आणि 1 एप्रिल 2019 चे पीएसएलव्ही-सी45 हे सर्वसामान्य नागरिकांनी तिथे बसून पाहिलेले पहिले उड्डाण. त्यासाठी केंद्राच्या संकेतस्थळावर आधी नाव नोंदवावे लागते आणि ओळखपत्र सोबत न्यावे लागते. नोंदणी उड्डाणापूर्वी थोडेच दिवस खुली होते आणि लोकप्रिय मोहिमांच्या जागा पाहता पाहता भरतात. त्यामुळे अधिकृत घोषणा झाली की रोज संकेतस्थळ पाहत राहावे, घरच्या सर्वांच्या ओळखपत्रांचे तपशील एका कागदावर लिहून तयार ठेवावेत, आणि आत काय नेता येईल, काय नाही याच्या त्या मोहिमेसाठी दिलेल्या सूचना वाचूनच पिशवी भरावी.

मुंबई, पुणे किंवा सोलापूरहून जाणाऱ्यांना दोन मार्ग सोयीचे पडतात. एक म्हणजे रेल्वेने चेन्नई गाठून तिथून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने सुळ्ळुरुपेट्याला उतरणे. दुसरा म्हणजे रेणिगुंटा किंवा तिरुपती गाठून पुढे श्रीकालहस्ती, नायडुपेटा असे रस्त्याने येणे. आपल्याकडचे बरेच जण हा प्रवास बालाजीच्या दर्शनाला जोडून घेतात, आणि ते सोयीचेही आहे. फक्त दर्शनाची वेळ आरक्षित असते आणि उड्डाणाची पुढे जाऊ शकते, म्हणून दर्शन आधी ठेवावे आणि उड्डाणाच्या तारखेनंतर किमान दोन दिवस मोकळे राखावेत. सुळ्ळुरुपेट्यात राहण्याच्या सोयी मर्यादित आहेत आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री त्या भरून जातात. हिवाळ्यात गेलात आणि उड्डाण लांबलेच, तर पुलिकतच्या उथळ पाण्यात उतरलेले रोहित पक्षी पाहून दिवस वाया गेला असे वाटणार नाही.

सज्ज्यात जागा मिळाली नाही तर पुलिकत परिसरातून किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावरूनही, आकाश स्वच्छ असल्यास, उड्डाण दिसते. महाराष्ट्रातून ते दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

प्रत्यक्ष पाहताना आधी प्रकाश येतो आणि आवाज मागाहून. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात, त्यामुळे ज्वाळा दिसल्यापासून गडगडाट कानी येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की तळापासूनचे आपले अंतर निघते. मुलांना सोबत नेले असेल तर हा हिशेब त्यांच्याकडून करून घ्यावा. पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-3 यांच्या उठण्यातही फरक जाणवतो. 320 टनांचा पीएसएलव्ही चपळाईने उसळी घेतो; 640 टनांचा एलव्हीएम-3 अधिक भारदस्तपणे उठतो. दोघांच्याही मागे राहणारा जाड पांढरा धूर घन इंधनाचा असतो. एलव्हीएम-3 च्या बाबतीत जमिनीवर फक्त बाजूचे दोन घन इंधनाचे मोठे बूस्टर पेटतात, आणि मधला द्रव इंधनाचा टप्पा उड्डाणानंतर जवळजवळ दोन मिनिटांनी हवेतच पेटतो. दुर्बीण असेल तर ती त्या क्षणासाठी तयार ठेवावी. घन इंधनाच्या मोटरींची कवचे बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा कारखाना फार जुना आहे, हे तिथे उभे असताना आठवले तर अभिमान वाटणे साहजिक आहे.

छायाचित्रे काढण्याच्या नादात पहिले उड्डाण वाया घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उघड्या डोळ्यांनी दिसणारा भाग दोन-तीन मिनिटांत संपतो, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो ठिपक्याएवढाच उमटतो. पहाटे किंवा सायंकाळी उड्डाण असेल, जमिनीवर अंधार आणि वर ऊन अशी स्थिती असेल, तर उंचावर पसरलेला धूर उजळून निघतो. तेवढ्यासाठी कॅमेरा काढायला हरकत नाही.

घरी बसून पाहताना पडदा कसा वाचावा

थेट प्रक्षेपण इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर साधारण अर्धा तास आधी सुरू होते. काउंटडाउन मात्र आदल्या दिवशीच सुरू झालेले असते. पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-3 साठी ते सुमारे एक दिवसाचे असते. त्या काळात द्रव टप्प्यांत इंधन भरले जाते, यंत्रणा एकेक करून तपासल्या जातात, आणि शेवटच्या काही मिनिटांत मोहीम संचालकाने परवानगी दिली की सूत्रे संगणकाकडे जातात. त्यानंतर काही बिघडले तर माणसाने बटण दाबण्यापूर्वीच संगणक थांबवतो.

21 ऑक्टोबर 2023 ची टीव्ही-डी1 ही चाचणी याचे उत्तम उदाहरण आहे. गगनयानातील अंतराळवीरांना संकटात प्रक्षेपकापासून दूर खेचून नेणारी सुटका प्रणाली तपासण्यासाठी हे उड्डाण होते. ते सकाळी 8 वाजता ठरले होते, हवामानामुळे पावणेनऊपर्यंत लांबले, आणि अवघे 5 सेकंद उरले असताना संगणकाने ते रोखले. कारण शोधून, दुरुस्त करून त्याच दिवशी 10 वाजता उड्डाण झाले. सुमारे 12 किलोमीटर उंचीवर सुटका प्रणाली सुरू झाली, अंतराळवीरांसाठीचा कक्ष प्रक्षेपकापासून वेगळा झाला, पॅराशूट उघडली, आणि किनाऱ्यापासून सुमारे 10 किलोमीटरवर समुद्रात उतरलेला कक्ष नौदलाने बाहेर काढला. सगळे नऊ मिनिटांच्या आत. ज्यांनी पावणेनऊनंतर दूरचित्रवाणी बंद केली, त्यांचे ते हुकले. म्हणून उड्डाण थांबले तर ‘आज रद्द’ असे अधिकृतपणे सांगेपर्यंत समोरून उठू नये.

उड्डाणानंतर पडद्यावर एक आलेख दिसतो. त्यावर अपेक्षित मार्गाची रेषा आधीच आखलेली असते आणि प्रक्षेपकाची प्रत्यक्ष नोंद तिच्यावरून पुढे सरकत जाते. निवेदकाचे बोलणे ऐकण्यापेक्षा या रेषेवर नजर ठेवावी. दोन रेषा एकमेकींवर असतील तर सारे ठीक आहे. प्रत्यक्ष रेषा खाली झुकू लागली किंवा वेगाचा आकडा जागीच थबकला, तर काहीतरी बिनसले आहे. नियंत्रण कक्षातून प्रत्येक टप्प्यावर ‘परफॉर्मन्स नॉर्मल’ असा पुकारा होत असतो. तो पुकारा येणे थांबले आणि कक्षात शांतता पसरली, तर निवेदक काहीही म्हणोत, गडबड ओळखावी.

मात्र प्रत्येक शांतता अपशकुनी नसते. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा जळून संपला तरी लगेच सुटा होत नाही. प्रक्षेपक काही काळ तसाच वर वाहत जातो, आणि मग चौथा टप्पा पेटतो. पुस्तिकेतील तक्ता समोर असला की हे अडकणे नव्हे, हे लगेच कळते. तसेच श्रीहरिकोट्याच्या आवाक्याबाहेर गेल्यावर संदेश श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), ब्रुनेई, इंडोनेशियातील बियाक किंवा मॉरिशस अशा दूरच्या केंद्रांकडून येतात, आणि एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जाताना आकडे क्षणभर गोठू शकतात.

शेवटी पाहायचा आकडा वेगाचा. सुमारे 500 किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेत टिकून राहण्यासाठी सेकंदाला साधारण 7.6 किलोमीटर वेग लागतो. भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सोडताना तो 10 च्या पुढे जातो. एसएसएलव्ही-डी1 च्या वेळी तिन्ही घन टप्पे व्यवस्थित जळाले, पाहणाऱ्यांनी टाळ्याही वाजवल्या, पण दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने संवेदकांचे मोजमाप बिघडले, संगणकाने ते संवेदक निकामी ठरवले, आणि उपग्रह 356 किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी 356 बाय 76 किलोमीटरच्या लंबगोल कक्षेत गेले. 76 किलोमीटरवर वातावरण आहे. तिथे उपग्रह एक फेरीही टिकत नाही.

पुढे ढकलले गेले तर

उड्डाण लांबण्याची कारणे मुख्यतः तीन: हवामान, यंत्रातील दोष आणि अवकाशातील गर्दी. नुसत्या पावसाने पीएसएलव्ही अडत नाही. विजा आणि उंचावरचे जोराचे वारे मात्र अडवतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या किनाऱ्यावरचा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ आहे, म्हणून त्या महिन्यांतील प्रवासात अधिक सवड ठेवावी. गर्दीमुळे होणारा विलंब सहसा सेकंदांचा किंवा मिनिटांचा असतो: आधीच फिरणाऱ्या एखाद्या वस्तूशी टक्कर टळावी म्हणून चांद्रयान-3 चे उड्डाण 4 सेकंदांनी पुढे नेले गेले, तर स्पेडेक्सची वेळ रात्री 9.58 वरून 10 वर गेली.

यंत्रातील दोष हे सर्वांत अनिश्चित कारण आहे. चांद्रयान-2 चे उड्डाण 15 जुलै 2019 च्या पहाटे 56 मिनिटे 24 सेकंद उरले असताना थांबले आणि 22 जुलैच्या दुपारी झाले. तो आठवडा ही बरीच जलद दुरुस्ती होती. कधी दोष प्रक्षेपकात नसतोच. युरोपच्या प्रोबा-3 या जोडउपग्रहांचे 4 डिसेंबर 2024 चे उड्डाण उपग्रहातील त्रुटीमुळे थांबले आणि दुसऱ्या दिवशी, चार मिनिटे अलीकडच्या वेळेला झाले. वेळ अशी सरकते याचे कारण पृथ्वी फिरत असते आणि ठरावीक कक्षेचे प्रतल प्रक्षेपण तळावरून ठरावीक वेळीच जाते. म्हणून ‘काल 4.08, मग आजही 4.08’ असे धरून चालू नये. नवी वेळ पाहूनच निघावे.

उड्डाणानंतरचा पाठपुरावा

संशोधनाच्या आणि चाचणीच्या मोहिमांत उपग्रह सुटा झाला म्हणजे प्रक्षेपकाचे काम संपते. मोहिमेचे तिथून सुरू होते. श्रीहरिकोट्याचे शंभरावे उड्डाण, 29 जानेवारी 2025 चे जीएसएलव्ही-एफ15, प्रक्षेपक म्हणून निर्दोष होते, परंतु एनव्हीएस-02 या दिशादर्शक उपग्रहाच्या इंजिनाला इंधन जाळण्यासाठी लागणारा प्राणवायुकारक पुरवणारी झडप उघडली नाही आणि तो लंबगोल कक्षेतच अडकला. उपग्रहांच्या कक्षांचे आकडे सार्वजनिक सूचीत नियमितपणे येतात. उपग्रह कक्षा वाढवणार असे घोषित असूनही त्याचे पृथ्वीजवळचे टोक दिवसेंदिवस तिथेच राहिले, तर घोषणेची वाट न पाहताही अंदाज करता येतो.

उलट स्पेडेक्सच्या वेळी उतावीळपणा आवरावा लागला. जोडणी 7 जानेवारीला ठरली होती, मग 9 ला, आणि प्रत्यक्षात 16 जानेवारी 2025 रोजी झाली. दोन्ही उपग्रह पुन्हा वेगळे झाले ते 13 मार्चला. अशा मोहिमेसाठी उड्डाणाच्या दिवशीच वहीत पुढील तीन-चार तारखा लिहून ठेवाव्यात: उपकरणे सुरू होण्याची, पहिली निरीक्षणे मिळण्याची, मुख्य चाचणीची. पोएमवरील प्रयोगांचे निकाल बातम्यांत क्वचितच येतात, त्यामुळे ते संबंधित विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधावेत.

उड्डाण अपयशी ठरल्यास चौकशी समिती नेमली जाते आणि तिचे निष्कर्ष येईपर्यंत त्याच प्रक्षेपकाची पुढची मोहीम सहसा थांबते. 12 ऑगस्ट 2021 रोजी जीएसएलव्ही-एफ10 चा अतिशीत टप्पा, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारा वरचा टप्पा, पेटला नाही, तेव्हा द्रव हायड्रोजनच्या टाकीतील दाब एका झडपेतील गळतीमुळे कमी पडल्याचे समितीने सांगितले. तो प्रक्षेपक पुन्हा उडाला तो मे 2023 मध्ये. पीएसएलव्हीची 18 मे 2025 ची सी61 आणि 12 जानेवारी 2026 ची सी62 ही लागोपाठची दोन उड्डाणे तिसऱ्या टप्प्याच्या वेळी बिघडली. अशा अपयशानंतर त्याच जातीच्या प्रक्षेपकाची यादीत छापलेली तारीख कितीही ठळक असली, तरी समितीचा निष्कर्ष आणि त्यानंतरचा नोटॅम हे दोन्ही हाती येईपर्यंत आरक्षण करू नये. मधल्या काळात एलव्हीएम-3 किंवा एसएसएलव्हीच्या मोहिमांकडे लक्ष ठेवावे, कारण त्यांची तयारी स्वतंत्रपणे चालू राहते.